वजा पन्नास

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. बावीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत इस्त्री केल्यावर माणूस थंड राहत नाही. तेव्हा ऐकायचं असेल तर नीट ऐका, मध्येच "असं कुठे असतं का" म्हणू नका. असतं. त्या गाऊनला मी स्वतः इस्त्री केलीय.

लाँड्री तळघरात आहे. माझ्या टेबलाशेजारी बटणबाई बसते. तुटलेली बटणं लावायची आणि उसवलेल्या किनारी शिवायच्या, हे तिचं काम. तिच्या गळ्यात मोजमापाचा टेप कायम लोंबत असतो. सात मजली इमारतीत नोंदणी झालेला टेप तेवढा एकच. पडदे मोजायचे असोत की खाटा, वरून चिठ्ठी येते आणि बटणबाई टेप गळ्यातून काढून देते. परत आला की लगेच गळ्यात घालते.

पेशंटचे गाऊन दोन प्रकारचे. कापड तेच, शिवण तीच, साबण तोच. फक्त गळ्याला आणि बाहीला किनार, कुणाला निळी, कुणाला राखाडी. निळी वरच्या वस्तीतल्या लोकांना आणि राखाडी आम्हा पुलाखालच्यांना. पुलाखाली म्हणजे अगदी पुलाच्या पोटात राहत नाही आम्ही. नदीकाठच्या सखल भागात, धुराड्यांना चिकटून आमची घरं आहेत. पण वरून बघणाऱ्याला सगळं खालीच दिसतं.

कुणाला कोणती किनार हे दारातला कारकून ठरवतो. माणूस आत आला की तो एकदाच मान वर करतो, रंग बघतो, नाकडोळे बघतो, दोन शब्द ऐकतो आणि म्हणतो, "राखाडी." नाव त्यानंतर विचारतो. त्याचा सख्खा मामा आमच्याच गल्लीत राहतो, पण ते असो. चेहरा एकदाच बघायचा, तोही दारातच, असा नियम आहे. त्यापुढे डॉक्टर असो की सिस्टर, सगळ्यांनी किनार बघायची. त्यामुळे म्हणे भेदभाव होत नाही.

पहिल्या मजल्यावर सिस्टर बीपी मोजते. तिच्या खुर्चीमागे भिंतीला एक काच अडकवलेली होती आणि त्या काचेवर सुरेख अक्षरात तक्ता रंगवलेला होता. निळी किनार: बीपी येईल तेवढे. राखाडी किनार: वजा पन्नास. त्याखाली बारीक अक्षरात, "तक्ता बघूनच वजा करावे. तोंडपाठ करू नये." एकदा एका सिस्टरने आठवणीवर भरवसा ठेवून साठ वजा केले होते. तो पेशंट अगदी छान आकड्यावर गेला. तेव्हापासून हा नियम.

हे पन्नास आले कुठून, ते मी एकदा विचारलं होतं. फार वर्षांपूर्वी एक प्राध्यापक आले. त्यांनी पुलाखालच्या दोनशे माणसांना पाच तास बाकावर बसवून ठेवलं आणि मग बीपी मोजलं. सगळ्यांचं पन्नासने जास्त. सगळ्यांचंच जास्त आहे, म्हणजे कुणाचंच जास्त नाही, हा यांचा पिंडच आहे, असं त्यांनी लिहून टाकलं. यांचं रक्तच वेगळं, असंही लिहिलं. आता रक्ताचं मला विचारा. बावीस वर्षं चादरींवरचं रक्त काढतेय. थंड पाणी आणि साबण, निळ्यांचं पण त्यानेच निघतं आणि आमचं पण त्यानेच निघतं. पण प्राध्यापक तळघरात कशाला येतील.

हे सगळं मी बावीस वर्षं बघत होते आणि गप्प होते, हेही सांगते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. माझं जळायला लागलं ते आमच्या ह्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा.

आमचे हे बाटल्यांच्या कारखान्यात बाटल्या बघतात. खरंच, तेवढंच काम. पट्ट्यावरून बाटल्या येतात, मागे दिवा असतो. दिव्यासमोरून जाताना चीर दिसली की ती उचलायची आणि पिंपात टाकायची. दिवसाला चौदा हजार. पाळी बारा तासांची, आणि दर आठवड्याला दिवसाची रात्र होते. मागे मुकादम उभा. चिरलेली एक जरी सुटली तरी तो चारचौघांत ह्यांची अब्रू काढतो. मी असते तर तीच बाटली त्याच्या डोक्यात घातली असती. पण हे म्हणजे गरीब गाय. अठ्ठावीस वर्षांत आवाज चढवला नाही. घरी पाण्याचा ग्लास दिला तरी आधी उजेडासमोर धरतात आणि मग पितात.

ह्यांचे वडील एकोणपन्नासाव्या वर्षी गेले. मोठे दीर एक्कावन्नाव्या वर्षी, जिन्यात. दोघंही हॉस्पिटलच्या कागदावर ठणठणीत होते. सासूबाई म्हणतात, "आपल्या घरात बायका म्हाताऱ्या होतात आणि पुरुषांचे फोटो होतात." भिंतीवर दोन फोटो आहेत आणि शेजारी एक रिकामा खिळा. तो खिळा काढा म्हणून मी कितीदा सांगितलं, पण सासूबाई त्याला पिशवी अडकवतात. ह्यांना तेव्हा पन्नास पूर्ण होऊन चार महिने झाले होते. बावन्न ह्या घरातल्या कुणा पुरुषाने पाहिलेले नाहीत. मला ते पाहायचे होते, बास, एवढंच.

तर पहिल्यांदा दुखलं तेव्हा मीच ह्यांना घेऊन गेले. कारकून म्हणाला, "राखाडी." सिस्टरने दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला. एकशे ब्याण्णव. तिने मान वळवली, तक्ता वाचला, वहीत एकशे बेचाळीस लिहिलं.

"तुमच्या मानाने छान आहे, बाबा," ती म्हणाली. ही पोरगी तिशीची, पण निळ्यांना सर म्हणते आणि आमच्यांना बाबा. "दहापैकी किती दुखतंय?"

हे म्हणाले, "आठ असेल."

तिने चार लिहिले. "तुमची माणसं वाढवून सांगतात." मग पुढच्या रकान्यात लिहिलं, "दुखणे कमी जाणवते, कारण कातडी जाड."

"अहो सिस्टर," मी म्हटलं, "वाढवून सांगतात तर कमी कसं जाणवतं? एक काहीतरी ठरवा."

"बाई, दोन्ही नियम आहेत," ती म्हणाली. चिडली नाही हो ती. पोरगी वाईट नाही. दिवसाला तीनशे दंडांना पट्टा बांधते, वर बघायला तिला वेळ नसतो.

औषध मिळालं नाही. एक गुळगुळीत कागद मिळाला. आठ तास सलग झोपावे. सकाळी झाडांखालून अर्धा तास चालावे. ताज्या भाज्या खाव्यात. चिंता टाळाव्यात. आता हे म्हणजे सांगितलेलं करणारे. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन मुकादमासमोर उभे. "चिंता टाळायच्या आहेत. कधी टाळू?"

मुकादमाने कागद वाचला. तो म्हणाला, "जेवणाच्या सुट्टीत टाळ."

झाडांचं तर त्याहून वरताण. आमच्याकडे झाड एकच, तेही ट्रकच्या थांब्यात. हे पहिले दोन दिवस त्या झाडाभोवती गोल फिरले. ट्रकवाल्यांना वाटलं, माणसाचं काहीतरी हरवलंय. मग पूल ओलांडून वरच्या वस्तीतल्या बागेत गेले. तिथे रखवालदाराने अडवलं. इथे काय काम? चालायचंय. चालत कुठे जायचंय? कुठेच नाही. रखवालदाराला हे उत्तर पटलं नाही. त्याने कागद ठेवून घेतला, साहेबांना फोन केला आणि ह्यांना पाऊण तास उन्हात उभं केलं. बाकीचे लोक शेजारून चालत होते, त्यांना कुणी कुठे जाताय विचारत नव्हतं. हे चालायला म्हणून गेले आणि उभं राहून घरी आले. वर मलाच म्हणतात, "बाग छान आहे गं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ह्यांच्यावर रागावून काय उपयोग.

मग तो दिवस आला. सकाळची अकराची वेळ. धुतलेल्या चादरींची गाडी ढकलत मी पहिल्या मजल्यावर आले तर बाकावर हे बसलेले, राखाडी किनारीच्या गाऊनमध्ये. कारखान्यातून एकटेच चालत आले होते. चेहरा त्या किनारीच्याच रंगाचा, कपाळावर घाम, डावा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"कधीपासून बसलाय?"

"दोन तास झाले असतील."

सिस्टरच्या वहीत एकशे चौसष्ट लिहिलेलं होतं. म्हणजे दोनशे चौदा. मी म्हटलं, अहो आत घ्या, माणूस जातोय. ती म्हणाली, "तुमच्या मानाने थोडंच वर आहे. बसू दे, बोलावते." आणि मान वळवून मला तक्ता दाखवला. जणू मी कधी पाहिलाच नव्हता.

मी भांडले नाही. माझं मलाच नवल वाटलं. मी गाडी तिथेच सोडली, तळघरात गेले, गठ्ठ्यातला वरचा गाऊन उचलला, निळ्या किनारीचा, अजून गरम होता. बटणबाईने बघितलं आणि त्याचं सैल बटण दातांनी दोरा तोडून घट्ट केलं. वर येऊन मी ह्यांना मोरीत नेलं, गाऊन बदलला, आणि त्याच बाकावर, त्याच सिस्टरसमोर आणून बसवलं.

तिने किनार पाहिली. पट्टा बांधला. दोनशे बारा. तिने मान वळवली, तक्ता वाचला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"सर," ती म्हणाली, "सर, दुखतंय का तुम्हाला?"

"थोडंसं," हे म्हणाले.

"थोडंसं म्हणतायत," ती घंटा वाजवत ओरडली, "किती सोसतायत बघा."

आठ माणसं धावत आली. स्ट्रेचर आलं. मोठे डॉक्टर हातातला चहाचा कप घेऊनच आले. स्ट्रेचरबरोबर चालता चालता त्यांनी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मला वाटलं, संपलं, आता ओळखतील. डॉक्टर म्हणाले, "उन्हात सुट्टी घालवून आलेले दिसताय सर. रंग छान चढलाय. व्यवसाय काय आपला?"

"बाटल्या," हे म्हणाले.

"रोजच्या किती?"

"चौदा हजार."

"एवढा व्याप," डॉक्टर सिस्टरला म्हणाले. "म्हणजे ताण असणारच. मोठ्या माणसांचं हृदय मोठ्या जबाबदारीने जातं."

आत घेतलं. नळी नव्वद टक्के बंद निघाली. तार घालून, फुगा फुगवून ती उघडली आणि आत जाळी बसवली. अजून अर्धा तास बाकावर बसले असते तर आटोपलं होतं, असं मोठे डॉक्टर स्वतः मला म्हणाले. मी त्या सरांची कोण, हे त्यांनी विचारलं नाही. माझ्या हातात चादरी होत्या. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट बजावली. गोळ्या रोज घ्यायच्या, एक दिवससुद्धा चुकवायची नाही. चुकवल्या तर जाळीत रक्त गोठतं आणि माणूस जागच्या जागी जातो.

ह्यांना चौथ्या मजल्यावर खिडकीची खोली मिळाली. तीन आठवडे विश्रांती. खिडकीसमोर झाड. हे आठ तास सलग झोपले. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. मी दाराशी उभी राहून रडले, लपवत नाही.

इथे मी थांबायला हवं होतं. पण बाकावर दुसऱ्या दिवशी बटणबाईचा भाऊ बसलेला दिसला. त्याच्या दुसऱ्या दिवशी एक शाळेत पाणी भरणारी बाई, ओठ निळे पडलेले. गाऊन माझ्याच हातात होते. मी एक दिला, दोन दिले. मग बटणबाई म्हणाली, एकेक कशाला, आणि तिने राखाडी किनारी उसवून निळ्या लावायला घेतल्या. पंधरा दिवसांत पहिल्या मजल्यावरचा बाक रिकामा झाला.

वरच्या मजल्यांवर घबराट उडाली. वह्यांनुसार निळ्या किनारीच्या लोकांत हृदयरोगाची साथ आली होती आणि राखाडी लोक एका झटक्यात निरोगी झाले होते. मोठे डॉक्टर म्हणाले, रोग पूल चढून वर आला. वरच्या वस्तीत पुलावरून येणारा वारा अडवायचं चाललं होतं, असं म्हणतात.

उघडकीला कसं आलं ते ऐका. आम्ही इतक्या निळ्या किनारी वाटल्या की निळे गाऊन संपले. त्याच दिवशी कागदगिरणीचे मालक छाती धरून आले. कारकून म्हणाला, "निळा." निळा नव्हताच. कोठीवाल्याने हाताला आला तो राखाडी दिला. मालकांचं बीपी एकशे पंच्याण्णव. सिस्टरने किनार पाहिली, तक्ता पाहिला, एकशे पंचेचाळीस लिहिलं. "तुमच्या मानाने छान आहे, बाबा."

मालक ओरडले, "मी कोण आहे माहितेय का?"

सिस्टरने लिहिलं, "वाढवून सांगतात."

चार तास बसले बिचारे. बिचारे खरंच, माझ्या मनात त्यांच्याबद्दल काही वाईट नाही. त्यांचंही दुखतच होतं. नशिबाने त्यांचा जावई आला, त्याने आकाशपाताळ एक केलं आणि ते वाचले. आणि मग चौकशी बसली.

चौकशी ह्यांच्याच खोलीत झाली, कारण कारकुनाची आणि सिस्टरची वही जुळवल्यावर पहिला चुकीचा गाऊन ह्यांचाच निघाला. मोठे डॉक्टर आणि दोन प्राध्यापक. मी सगळं कबूल केलं. म्हटलं, हो, मीच बदलले. एकोणतीस माणसं वाचली, मोजून घ्या.

"तेच तर आश्चर्य आहे," एक प्राध्यापक म्हणाले. "निळी किनार लावताच राखाडी माणूस वाचतो. कापडात काहीतरी औषधी गुण असला पाहिजे."

"रंगात असेल," दुसरे म्हणाले.

मला वाटलं, माझे कान गेले. "अहो, किनारीत काय असणार? मी रोज उकळते ती. चूक तुमच्या तक्त्यात आहे. बघायचं असेल तर तिकडे बघा."

त्यांनी लिहून घेतलं, "नातेवाईक उत्तेजित." मग किनारीचा वीतभर तुकडा कापून बाटलीत घातला आणि प्रयोगशाळेत पाठवायचं ठरवलं. पालथ्या घड्यावर पाणी.

तेव्हा आमचे हे पहिल्यांदा बोलले. "साहेब, त्या बाटलीवरून आठवलं. आमच्या पट्ट्यावर स्वस्तातल्या बाटल्या येतात आणि महागातल्या पण येतात. दिवा मात्र एकच असतो. महागातलीसाठी वेगळा दिवा लावला तर चीर कशी कळायची?"

पहिले प्राध्यापक ह्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना समजलं असं मला क्षणभर वाटलं. मग ते वहीवर वाकले आणि मी मागून वाचलं: "रुग्णाला कामाची ओढ. कामावर पाठवण्यास हरकत नाही."

मोठ्या डॉक्टरांनी लाल पेन्सिल घेतली आणि ह्यांची फाइल पहिल्या पानापासून दुरुस्त करायला बसले. किनार राखाडी, म्हणजे प्रत्येक आकड्यातून पन्नास वजा. दोनशे बाराचे एकशे बासष्ट झाले. पान उलटत शेवटी त्या नळीपाशी आले.

"ती तर नव्वद टक्के बंद होती," मी म्हटलं. "तुम्हीच म्हणालात."

"नव्वदातून पन्नास गेले, चाळीस," डॉक्टर म्हणाले. "चाळीस कुणाचीही असते."

म्हणजे ह्यांना काही झालंच नव्हतं. जाळी चुकून बसली. विश्रांती रद्द, खोली रद्द, सोमवारपासून कामावर. आणि ठणठणीत माणसाला गोळ्या कशाला, म्हणून गोळ्याही बंद. मी पाय धरायचे बाकी ठेवले होते, तेही धरले. डॉक्टर ओशाळले, पण म्हणाले, "माझ्या हातात काही नाही. सिस्टरच्या वहीत एकशे सत्तरच्या वर आकडा आला तर गोळ्या मिळतील. नियम सगळ्यांना सारखाच आहे." खिशात आठ दिवसांच्या गोळ्या होत्या, तेवढ्या परत घेतल्या नाहीत. मला नोकरीवरून काढणार होते, पण चार हजार गाऊनच्या किनारी उसवायचं काम निघालं आणि ते करणार कोण? अहवाल येईपर्यंत गाऊन बिनकिनारीचे. किनार कारकून तोंडी सांगेल असं ठरलं.

हे सोमवारी कामावर गेले. रोज एक गोळी. मी घरी आले की आधी पुडी बघायची. सहा. पाच. चार. सासूबाईंनी न सांगता खिळ्यावरची पिशवी काढून ठेवली, आणि ते बघून मी त्यांच्याशी इतकी भांडले की शेजारचे गोळा झाले. भांडून झाल्यावर आम्ही दोघी एकमेकींना धरून बसलो.

शेवटची गोळी घेतली त्या दिवशी मी ह्यांना घेऊन हॉस्पिटलला गेले. मी ठरवलं होतं, आज आरडाओरडा करायचा, खुर्च्या उलथायच्या, मग भले जेलमध्ये टाका. कारकून म्हणाला, "राखाडी." बाक पुन्हा भरलेला होता. आम्ही तासभर बसलो. आमचा नंबर आला, आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात हे सिस्टरसमोरून पुढे गेले आणि तक्त्यासमोर उभे राहिले.

मान तिरकी केली. डोळे बारीक केले. आमच्याकडे पाण्याचा ग्लास बघताना करतात तसे.

"ह्याला चीर आहे," हे म्हणाले.

"बाबा, बसा बघू," सिस्टर म्हणाली.

ह्यांनी बोटाच्या पेराने काचेवर टकटक केलं. आवाज बसका आला. मग दोन्ही हातांनी तक्ता खिळ्यावरून अलगद उतरवला, खिडकीशी नेला आणि उजेडासमोर धरला. "हे बघा, वरच्या कोपऱ्यातून. केसाएवढी आहे. पार खालपर्यंत गेलीय."

सिस्टर उठून बघायला गेली. बाकावरचे दोघंतिघं पण गेले. खरंच होती हो. बावीस वर्षं मी त्या काचेसमोरून जातेय, मला कधी दिसली नाही.

"चीर दिसली आणि माल पुढे जाऊ दिला तर दोष बघणाऱ्याचा असतो," हे तिला समजावत म्हणाले, अगदी नव्या कामगाराला सांगावं तसं. "पिंप कुठंय?"

तिने बोट दाखवलं. पट्ट्या आणि कापूस टाकायचं पिंप. हे गेले आणि तक्ता त्यात सोडला. खळ्ळकन आवाज झाला, बास. हात झटकले आणि खुर्चीत येऊन बसले, बाही वर करून.

सिस्टरने सवयीने पट्टा बांधला, फुगा दाबला. एकशे अठ्ठ्याऐंशी. तिने मान वळवली. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग होता आणि मध्ये खिळा. तोंडपाठ करू नये असा नियम, आणि पोरगी नियमाची पक्की. ती त्या डागाकडे बघत राहिली. मग किनार बघायला वळली, तर किनार नाही. बघायला काहीच उरलं नाही, तेव्हा तिने ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

बराच वेळ पाहिलं. "तुम्ही मागे पण आला होतात," ती म्हणाली.

"तीनदा. एकदा निळ्यात."

"काका," ती म्हणाली, "दुखतंय का?"

"थोडंसं," हे म्हणाले.

तिने वहीत एकशे अठ्ठ्याऐंशी लिहिलं. पुढे लिहिलं, दुखते. आणखी काही लिहिलं नाही. चिठ्ठी फाडून माझ्या हातात दिली, आणि मी, जी खुर्च्या उलथायला आले होते, ती भर दालनात हमसून रडले. महिन्याच्या गोळ्या मिळाल्या. बाकावरच्यांचे आकडेही त्या दिवशी जसे आले तसे लिहिले गेले.

नवा तक्ता येणार आहे. समितीने मंजूर केलाय, ह्या वेळी वजा पंचेचाळीस. पाचाची सुधारणा झाली म्हणून फलकावर नोटीस लावून सगळ्यांचं अभिनंदनही केलंय. काचवाला तयार बसलाय, फक्त भिंतीवरच्या डागाचं माप हवंय. त्यासाठी दर सोमवारी वरून लाँड्रीत चिठ्ठी येते, टेप पाठवा. बटणबाई गळ्याला हात लावते, टेबलाखाली बघते, गठ्ठे उलथेपालथे करते आणि चिठ्ठीमागे लिहून पाठवते, टेप सापडत नाही, शोध चालू आहे.

टेप माझ्या खिशात आहे. ह्यांना बावन्न पूर्ण व्हायला एक वर्ष दोन महिने राहिलेत. तोवर काही तो सापडत नाही.